ऑनलाइन लिलाव, पुनर्विक्री आणि पूरक उत्पन्न : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९५ ते २०१८)

प्रस्तावना

‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला आणि पोर्तुगीज शब्दाचे मूळ अरबीतील ‘जाहीर करणे’ या अर्थाच्या शब्दात असल्याचे सामान्यतः मानले जाते. या व्युत्पत्तीतच लिलावाचे मर्म सामावलेले आहे. घासाघीस दोघांत होते, लिलाव चारचौघांत होतो. वस्तूची किंमत सर्वांना ऐकू येईल अशा रीतीने ठरते, हे त्याचे मुख्य लक्षण होय. विसाव्या शतकाच्या अखेरीस ही प्राचीन पद्धत संगणकाच्या पडद्यावर आली आणि नोकरी, शिक्षण किंवा घरसंसार सांभाळून चार पैसे जास्तीचे मिळवू पाहणाऱ्या लक्षावधी सामान्य माणसांना तिने विक्रेते बनविले.

ऑनलाइन लिलावाचा इतिहास बहुतेक वेळा संस्थापकांच्या यशोगाथेच्या स्वरूपात सांगितला जातो. त्यात विक्रेता हा केवळ आकडा म्हणून येतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील ईबे या संस्थेच्या व तिच्या भारतीय शाखेच्या आधारे या किरकोळ पुनर्विक्रेत्याच्या उत्पन्नाचा विचार केला आहे. त्याचे उत्पन्न मुख्यतः किमतीविषयीच्या अज्ञानावर उभे होते. माळ्यावर पडलेल्या वस्तूला दूरच्या संग्राहकाच्या लेखी काय मोल आहे, हे मूळ मालकाला ठाऊक नसे आणि पुनर्विक्रेत्याला ठाऊक असे. लिलावाने ते मोल जाहीर केले व ज्या तफावतीवर विक्रेता कमाई करीत होता ती तफावत त्याच लिलावाने आटवली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी

जुन्या वस्तूंची पुनर्विक्री हा काही महाजालाचा शोध नव्हे. मुंबईचा चोरबाजार, पुण्यात बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार ही आपल्या परिसरातील उदाहरणे आहेत. अमेरिकेत घराच्या अंगणात किंवा गॅरेजमध्ये जुने सामान मांडून विकण्याची प्रथा आणि आठवडी जुने बाजार सर्वत्र होते. तथापि या सर्व ठिकाणी ग्राहकाला प्रत्यक्ष यावे लागे. एखाद्या जुन्या टपालपत्राची खरी ओढ असणारा संग्राहक दोन हजार किलोमीटरवर राहत असेल, तर ते पत्र त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता जवळजवळ नसे. लंडनची सोदबीज (१७४४) आणि ख्रिस्तीज (१७६६) यांसारखी लिलावगृहे हे अंतर भरून काढीत. पण त्यांचा खर्च एवढा असे की पाच-दहा डॉलरच्या वस्तूला तेथे प्रवेशच नव्हता.

याला एक लक्षणीय अपवाद टपाल तिकिटांचा होता. तिकिटांचे संग्राहक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून टपालाने बोली पाठवीत. सर्वाधिक बोली लावणाऱ्याला तिकीट मिळे, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या आधारे घेतली जाई. या पद्धतीची सैद्धांतिक मांडणी विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये केली आणि १९९६ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ईबेवरील स्वयंचलित बोलीचे तत्त्व जवळपास हेच होते. ग्राहकाने आपली कमाल मर्यादा नोंदवायची, संगणकाने गरजेपुरतीच बोली वाढवत न्यायची आणि विजेत्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून थोडीच अधिक रक्कम द्यायची.

परक्या माणसावर विश्वास

सप्टेंबर १९९५ मध्ये पियर ओमिड्यार या संगणक अभियंत्याने कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथून ‘ऑक्शनवेब’ हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे सुरुवातीला विकल्या गेलेल्या वस्तूंपैकी एक म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर, तो १४.८३ डॉलरला गेला. ओमिड्यार यांनी आपल्या वाग्दत्त वधूच्या खेळण्यांच्या संग्रहासाठी हे संकेतस्थळ काढले, ही कथा मात्र प्रसिद्धी विभागाने रचलेली होती, हे ॲडम कोहेन यांच्या २००२ सालच्या ग्रंथातून उघड झाले. व्यापारी संस्थांनाही आपली पुराणे लागतात, एवढाच बोध इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातून घ्यावा.

आरंभी ही सेवा विनामूल्य होती. संकेतस्थळावरील वर्दळ वाढली तशी जोडणी पुरविणाऱ्या कंपनीने १९९६ च्या आरंभी मासिक आकार २५० डॉलरवर नेला, तेव्हा ओमिड्यार यांनी विक्रीवर शुल्क घेण्यास प्रारंभ केला. शुल्काचे धनादेश टपालाने येऊ लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत परस्परांविषयी अभिप्राय नोंदविण्याची सोय झाली. प्रत्येक व्यवहारानंतर खरेदीदाराने विक्रेत्याला व विक्रेत्याने खरेदीदाराला अधिक एक, शून्य किंवा उणे एक असा गुण द्यायचा आणि तो सर्वांना दिसायचा.

या साध्या योजनेचे महत्त्व फार मोठे होते. ज्याचे नाव, गाव, चेहरा काहीच ठाऊक नाही, अशा माणसाला आधी पैसे पाठवायचे आणि मग वस्तूची वाट पाहायची, हे कोणत्याही बाजारपेठेच्या परंपरेत न बसणारे धाडस होते. पेठेतील दुकानदाराची पत त्याच्या पिढ्यांवरून, जातिबिरादरीवरून, ओट्यावरून ठरे. येथे ती एका संख्येत मांडली गेली. या संख्येचे मोल पैशांतही मोजले गेले आहे. पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच अनुभवी विक्रेत्याने सारखीच जुनी टपालपत्रे आपल्या प्रस्थापित नावाने आणि नव्या, अनोळखी नावांनी विकली. प्रस्थापित नावाला ग्राहकांनी सुमारे ८.१ टक्के अधिक देण्याची तयारी दाखविली. पत ही विक्रेत्याची मिळकत झाली होती. मात्र ती ज्या वहीत नोंदली होती ती वही कंपनीच्या मालकीची होती, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

सप्टेंबर १९९७ मध्ये संकेतस्थळाचे नाव ‘ईबे’ झाले. मार्च १९९८ मध्ये मेग व्हिटमन सूत्रधार म्हणून आल्या आणि २४ सप्टेंबर १९९८ रोजी १८ डॉलरला विक्रीस काढलेला समभाग पहिल्याच दिवशी अडीच पटींहून वर गेला. देयकाची अडचण पेपाल या सेवेने पुष्कळशी दूर केली. २००२ मध्ये ईबेने ती सुमारे १५० कोटी डॉलरला विकत घेतली.

नफा कोठून येत असे?

पुनर्विक्रेत्याच्या कमाईचे उगमस्थान दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते.

पहिले उदाहरण ‘बीनी बेबीज’ या कापडी खेळण्यांचे. टाय या कंपनीची ही छोटी खेळणी दुकानात सुमारे पाच डॉलरला मिळत. कंपनी वेळोवेळी काही नमुन्यांचे उत्पादन थांबवी आणि थांबविलेल्या नमुन्यांची किंमत लिलावात अनेक पटींनी चढे. दुकानांच्या दारात रांगा लावून खेळणी उचलायची आणि संध्याकाळी ती लिलावास मांडायची, हा १९९७ ते १९९९ या काळात अमेरिकेतील कित्येक कुटुंबांचा जोडधंदा बनला. ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने वर्षाखेरीस सर्वच नमुने बंद करण्याची घोषणा केली. त्यानंतर भाव टिकले नाहीत. दुर्मिळता कृत्रिम होती आणि प्रत्येक घराच्या कपाटात तीच खेळणी विक्रीच्या प्रतीक्षेत पडून आहेत, हे लिलावाच्या पडद्यावर सर्वांनाच दिसू लागले होते. कपाटे भरून ठेवणाऱ्यांचे नुकसान झाले, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरे उदाहरण पुराणवस्तूंचे असून ते अधिक सूक्ष्म आहे. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे व ॲमेझॉन यांच्या लिलावांची तुलना प्रसिद्ध केली. ईबेचा लिलाव ठरल्या क्षणी संपे; ॲमेझॉनवर अखेरच्या मिनिटांत बोली आल्यास मुदत आपोआप वाढे. ईबेवर अखेरच्या क्षणी बोली लावण्याचे प्रमाण बरेच अधिक आढळले आणि संगणकांपेक्षा पुराणवस्तूंच्या बाबतीत ते अधिक ठळक होते. याचे एक कारण असे की जाणकाराने लवकर बोली लावली तर त्याची बोली हीच इतरांना माहिती ठरते. ‘हा जाणता ग्राहक या फुलदाणीवर एवढे लावतो आहे, त्या अर्थी ती अस्सल असावी’ असा तर्क करून नवखे ग्राहक किंमत चढवितात. म्हणून जाणकार शेवटच्या सेकंदापर्यंत गप्प बसतो. पुनर्विक्रीतील कमाई ही ज्ञानाची कमाई होती आणि लिलावाच्या चव्हाट्यावर ते ज्ञान लपवून ठेवणे उत्तरोत्तर कठीण होत गेले, हे यावरून दिसते. संपलेल्या लिलावांच्या किमती शोधून पाहण्याची सोय ईबेवर होती. गॅरेजमध्ये जुने सामान मांडणारी गृहिणीसुद्धा आता आधी संगणकावर भाव पाहून मग चिठ्ठी चिकटवू शकत होती.

आकडा आणि जमाखर्च

जुलै २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एसीनील्सन या संस्थेच्या पाहणीनुसार अमेरिकेतील ७ लाख २४ हजार लोकांनी ईबेवरील विक्री हा आपल्या उत्पन्नाचा प्रमुख किंवा दुय्यम मार्ग असल्याचे सांगितले. आणखी १५ लाख लोक तिच्या साहाय्याने उत्पन्नात भर घालीत होते. हा आकडा त्या काळात सर्वत्र उद्धृत झाला. मात्र तो वापरताना सावधगिरी आवश्यक आहे. पाहणी खुद्द ईबेसाठी करण्यात आली होती. शिवाय ‘प्रमुख किंवा दुय्यम’ या शब्दप्रयोगात पूर्णवेळ व्यापारी आणि महिन्याला दोन-चार वस्तू विकणारा विद्यार्थी हे एकाच पंक्तीत बसतात. त्यांच्या हाती खर्च वजा जाता किती उरले, हे या आकड्यावरून कळत नाही.

जमाखर्च मांडून पाहिल्यास चित्र बदलते. २००५ च्या सुमारास ९.९९ डॉलरपासून बोली सुरू केलेली एखादी वस्तू २० डॉलरला गेली, तर मांडणी शुल्क ३५ सेंट, विक्रीवरील ५.२५ टक्के शुल्क १ डॉलर ५ सेंट आणि पेपालचे २.९ टक्के अधिक ३० सेंट मिळून ८८ सेंट, असे एकूण २ डॉलर २८ सेंट वजा होत. म्हणजेच किमतीच्या अकरा टक्क्यांहून अधिक. त्यात खोके, चिकटपट्टी, छायाचित्र काढण्यास व वर्णन लिहिण्यास लागलेला वेळ, टपाल कचेरीतील खेप आणि बोली लावून पैसेच न देणारे ग्राहक यांचा हिशेब धरलेला नाही. वस्तू मुळात फुकटात किंवा जवळपास फुकटात मिळाली असेल तरच हा व्यवहार परवडत असे. याच काळात लोकांचे सामान स्वीकारून त्यांच्या वतीने ईबेवर विकणारी दुकाने अमेरिकेत गावोगावी उघडली आणि थोड्याच वर्षांत त्यांतील बहुतेक मिटली. स्वतःच्या घरी बसून बिनमजुरीने जे काम होते, तेच पगारी नोकर आणि दुकानाचे भाडे देऊन केले की नफा उरत नाही, हे त्यांच्या अनुभवाने सिद्ध केले. पूरक उत्पन्नात स्वतःच्या श्रमाची किंमत बहुधा शून्य धरलेली असते.

फेब्रुवारी २००८ मध्ये ईबेने मांडणी शुल्क कमी करून पहिल्या २५ डॉलरवरील विक्री शुल्क ५.२५ वरून ८.७५ टक्क्यांवर नेले. त्याच वर्षी मे महिन्यापासून विक्रेत्यांनी खरेदीदारांना उणे गुण देण्याची मुभाही काढून घेण्यात आली. विक्रेते सूड म्हणून उणे गुण देतात व त्या भीतीने खरेदीदार खरे लिहीत नाहीत, असे कंपनीचे कारण होते आणि त्यात तथ्यही होते. तथापि दहा-दहा वर्षे जपलेल्या पतीचे नियम एका घोषणेने बदलता येतात, हे विक्रेत्यांना या वेळी प्रकर्षाने जाणवले. फेब्रुवारीत त्यांच्यापैकी अनेकांनी आठवडाभर विक्री बंद ठेवली. निर्णय मात्र बदलला नाही.

दरम्यान लिलावच मागे पडत चालला होता. २००० च्या अखेरीस आलेली ‘आत्ताच खरेदी करा’ ही निश्चित किमतीची सोय हळूहळू मुख्य पद्धत बनली. लिरान आयनाव आणि सहकाऱ्यांच्या २०१८ मधील अभ्यासानुसार हा बदल केवळ वस्तूंचा किंवा विक्रेत्यांचा प्रकार बदलल्यामुळे झालेला नाही. ग्राहकांची लिलावाविषयीची ओढच घटली आणि विक्रेत्यांना त्यातून मिळणारा लाभही कमी झाला. भाव सर्वांना ठाऊक असलेल्या वस्तूसाठी सात दिवस थांबण्याचे कारण उरले नव्हते. एकमेवाद्वितीय, वापरलेल्या वस्तूंपुरता लिलाव टिकून राहिला.

पुनर्विक्रीचा हक्क : एका विद्यार्थ्याचा खटला

किमतीतील तफावत केवळ अज्ञानातून निर्माण होत नाही. ती हेतुपुरस्सरही ठेवली जाते. पाठ्यपुस्तकांच्या व्यवसायात हे विशेष दिसते आणि अध्यापकवर्गाला त्याचे स्वारस्य वाटावे. तेच पुस्तक अमेरिकेत महाग आणि आशियात हलक्या कागदावरील स्वस्त आवृत्तीत, ही रीत आपल्याकडील प्रत्येक महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या परिचयाची आहे.

सुपाप किर्तसेंग हा थायलंडचा विद्यार्थी १९९७ मध्ये अमेरिकेत गणित शिकण्यासाठी गेला. थायलंडमधील मित्र व कुटुंबीय यांच्याकरवी तो तेथील स्वस्त इंग्रजी आवृत्त्या मागवीत असे, ईबेसारख्या ठिकाणी विकत असे, घरच्यांचे पैसे परत करून उरलेला नफा स्वतःकडे ठेवीत असे. २००८ मध्ये जॉन वायली या प्रकाशनसंस्थेने त्याच्यावर दावा लावला. ज्यूरीने आठ पुस्तकांसाठी प्रत्येकी ७५ हजार, म्हणजे एकूण ६ लाख डॉलर भरपाई ठरविली. एका विद्यार्थ्याच्या जोडधंद्याला एवढा दंड!

प्रश्न जुनाच होता. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॉब्ज-मेरिल खटल्यात असा निर्णय दिला होता की प्रकाशकाने पुस्तकावर ‘एक डॉलरहून कमी किमतीस विकू नये’ असे छापले, तरी एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढील किमतीवर त्याचे नियंत्रण राहत नाही. हे तत्त्व परदेशात छापलेल्या प्रतीलाही लागू पडते काय, हा किर्तसेंग खटल्यातील मुद्दा होता. १९ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ‘होय’ असे उत्तर दिले. न्यायमूर्ती ब्रायर यांनी निकालपत्र लिहिले. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मत नोंदविले. तसे नसते तर परदेशी छापलेले पुस्तक ग्रंथालयाने उसने देणे किंवा परदेशी बनावटीची मोटार, जिच्यातील संगणकप्रणालीवर स्वामित्वहक्क असतो, ती पुन्हा विकणे हेही अडचणीत आले असते.

भारतात या काळात वेगळी दिशा दिसते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये जॉन वायली यांच्याच दाव्यात, भारत व शेजारच्या देशांपुरत्या विक्रीसाठी काढलेल्या स्वस्त आवृत्त्या ऑनलाइन मार्गाने पाश्चात्त्य देशांत विकणाऱ्या पुस्तकविक्रेत्यांना मनाई केली. अमेरिकेतील निकालानंतरही पुनर्विक्रेत्याचा विजय पूर्ण झाला असे म्हणता येत नाही. संगणकीय स्वरूपातील गाण्यांना हे तत्त्व लागू होत नाही, असे तेथील अपील न्यायालयाने २०१८ मध्ये रीडिजी खटल्यात ठरविले. पाठ्यपुस्तके जसजशी संगणकीय परवान्यांच्या स्वरूपात आली, तसतशी विकण्याजोगी जुनी प्रतच नाहीशी झाली.

भारतातील प्रयोग

अवनीश बजाज आणि सुवीर सुजन यांनी २००० मध्ये मुंबईत ‘बाझी डॉट कॉम’ हे लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले. २००४ मध्ये ईबेने ते सुमारे ५ कोटी डॉलरला विकत घेतले. परक्याला आधी पैसे न देण्याची आपल्याकडील वृत्ती ध्यानात घेऊन येथे ‘पैसापे’ ही योजना राबविण्यात आली. खरेदीदाराची रक्कम मध्यस्थाकडे थांबत असे आणि विक्रेत्याला ती नंतर मिळे.

डिसेंबर २००४ मध्ये एका विक्रेत्याने आक्षेपार्ह चित्रफीत विक्रीस मांडल्यावरून बजाज यांना दिल्ली पोलिसांनी अटक केली. विक्रेत्याने काय मांडले याला बाजार चालविणारा कितपत जबाबदार, हा प्रश्न भारतीय कायद्यापुढे प्रथमच इतक्या तीव्रतेने आला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये दुरुस्ती होऊन कलम ७९ अन्वये मध्यस्थाला सशर्त संरक्षण मिळाले आणि बजाज यांच्याविरुद्धची कारवाई सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली. मध्यस्थाचा प्रश्न अशा रीतीने पुष्कळसा सुटला. विक्रेत्याचे प्रश्न मात्र विखुरलेलेच राहिले.

त्यांपैकी एक इतिहासाच्या अभ्यासकाशी थेट संबंधित आहे. जुन्या बाजारात मिळणारी नाणी ऑनलाइन विकणे हा छंदिष्टांना सोपा जोडधंदा वाटतो. पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे ही पुरावस्तू ठरते. हस्तलिखितांच्या बाबतीत ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीने त्या देशाबाहेर पाठविणे निषिद्ध आहे. शिवराई हे तांब्याचे नाणे एकोणिसाव्या शतकातही व्यवहारात होते; म्हणजे आज हाती येणारी कोणतीही अस्सल शिवराई या व्याख्येत बसते. ती परदेशी संग्राहकाला पाकिटातून पाठविणारा विक्रेता, त्याला कल्पना असो वा नसो, कायद्याचा भंग करीत असतो. शिवाय नाणे कोठे, कोणत्या निधीत, कशासोबत सापडले ही माहिती अशा विक्रीत बहुधा गळून पडते. ग्राहकाला नाणे मिळते, अभ्यासकाचा पुरावा मात्र कायमचा हरवतो.

एप्रिल २०१७ मध्ये ईबेने फ्लिपकार्टमध्ये ५० कोटी डॉलर गुंतविले आणि आपला भारतातील व्यवसाय त्या कंपनीच्या स्वाधीन केला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी ईबेचे भारतीय संकेतस्थळ बंद झाले. अमेरिकेत पुनर्विक्रेत्यांचा प्रश्न तोवर करखात्याच्या दारी पोहोचला होता. वर्षाला २० हजार डॉलर व २०० व्यवहार ओलांडणाऱ्यांचीच माहिती बाजारचालकांनी शासनास कळवावी, अशी तेथील मूळ तरतूद होती. २०२१ च्या कायद्याने ही मर्यादा ६०० डॉलरवर आणली. तिची अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलण्यात आली आणि २०२५ च्या कायद्याने जुनीच मर्यादा पुन्हा लागू केली.